कोर्ट म्हणतं दत्तक घ्या, घरचे म्हणतात घरभर शू करतो. मोठ्या वयाच्या पॉमला वळण लागतं का?

आमच्या राजुऱ्याच्या घरी टफी आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. वय अंदाजे सहा वर्षं, वजन सात किलो, जात पॉम. कॉलनीतल्या एका कुटुंबाची बदली झाली, नव्या गावच्या घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून सांगितलं आणि टफी, त्याचा पट्टा, अर्धी पिशवी खाणं आणि एक कुरतडलेली चप्पल एवढा संसार आमच्या अंगणात येऊन उतरला.

पहिल्या दिवशी त्यानं सोफ्याजवळ शू केली. दुसऱ्या दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी. तिसऱ्या दिवशी आजीच्या पलंगाखाली. आजी म्हणाली, "काहून आणलं बापा हे? सारं घर गंधं करून टाकलं. पुलापल्याड सोडून द्या ना त्याले."

पूल म्हणजे वर्धा नदीवरचा, बल्लारपूरला जाणारा. आमच्या घरात आजवर 'पुलापल्याड' ही धमकी फक्त दूध पिऊन पळणाऱ्या बोक्यांसाठी होती.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या घरच्या कुत्र्याची शू ही काय बातमी आहे का? तर आहे. देशात कुत्र्यांवरून जो वाद पेटलाय, त्यातला एक मुद्दा थेट आमच्या पलंगाखाली येऊन पोचतो.

कोर्टानं नक्की काय म्हटलं होतं?

११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठानं दिल्ली आणि आजूबाजूच्या शहरांतली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. त्यावरून गदारोळ झाला. २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ, न्या. संदीप मेहता आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठानं त्यात बदल केला. कुत्री पकडा, नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचलली तिथेच सोडा. पिसाळलेली किंवा आक्रमक असतील तर मात्र सोडू नका, असं कोर्टानं सांगितलं. शिवाय सगळ्या राज्यांना या प्रकरणात ओढलं, म्हणजे विषय दिल्लीपुरता राहिला नाही. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली भटकी कुत्री हलवायचा आणि त्यांना पुन्हा तिथे न सोडायचा आदेश आला.

टीव्हीवर यातलं काय दिसलं? एका बाजूला कुत्राप्रेमी, दुसऱ्या बाजूला चावा खाल्लेले, मध्ये ओरडणारा अँकर. पण २२ ऑगस्टच्या आदेशात आणखी एक गोष्ट होती, तिच्यावर फार कुणी बोललं नाही. ज्यांना कुत्र्यांची माया आहे त्यांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घ्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची, असं कोर्टानं म्हटलं.

हे झालं भटक्या कुत्र्यांचं. पाळलेल्या कुत्र्याला सोडून दिलं तर? त्यासाठी १९६० चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. उपाशी-तहानेली मरायची वेळ येईल अशा अवस्थेत जनावराला सोडून देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. बरोबर वाचलंत. राजुरा बसस्टँडवर दोन प्लेट आलूपोंहे खाल्ले तर जेवढा खर्च येईल साधारण तेवढा.

तेव्हा कायदा कुत्र्याला घरात ठेवेल या भ्रमात राहू नका. ते घरात राहणार की नाही हे तिसऱ्या दिवशी सकाळी ठरतं, झोपेतून उठून कुणाचा तरी पाय ओल्या फरशीवर पडतो तेव्हा. हे माझं मत असलं तरी त्याला आधार आहे. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात लोक शेल्टरमध्ये कुत्री का आणून सोडतात हे तपासलं होतं. जी कुत्री रोज किंवा दर आठवड्याला घरात घाण करायची, त्यांची रवानगी शेल्टरमध्ये होण्याचा धोका बराच जास्त निघाला. नसबंदी न झालेली, फुकट किंवा स्वस्तात मिळालेली आणि ज्यांच्याकडून मालकांच्या अवास्तव अपेक्षा होत्या अशी कुत्रीही त्या यादीत वर होती. टफी यातल्या जवळजवळ प्रत्येक रकान्यात बसत होता.

राजुऱ्यात पॉम आले कुठून?

थोडा इतिहास. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीनं देशभरातल्या पोरांना वेड लावलं. तो खरं तर इंडियन स्पिट्झ होता. आपण ज्याला 'पॉम' म्हणतो ते कुत्रं बहुतेक वेळा तेच असतं. अस्सल पोमेरेनियन आणखी लहान, दोन-तीन किलोचं. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे मागे फिरणारा पग आला आणि पगची लाट आली. मग शित्झू, ल्हासा अप्सो.

आता राजुऱ्याचा नकाशा बघा. आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी, गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने, पुलापल्याड बल्लारपूरचा कागद कारखाना. या सगळ्यांच्या कॉलन्या. कॉलनी म्हटलं की क्वार्टर आलं, पगार आला, पोरांचा हट्ट आला आणि तीन-चार वर्षांनी बदली आली. पिल्लू म्हणून हौसेनं आणलेलं कुत्रं बदलीच्या वेळी पाच-सहा वर्षांचं झालेलं असतं. ट्रकमध्ये फ्रिजला जागा असते, त्याला नसते. मग ओळखीत विचारणा होते, 'घेता का? एकदम शांत आहे.'

'शांत आहे' हे सगळे सांगतात. शू कुठे करतो, हे कुणी सांगत नाही. आम्हीही विचारलं नाही, ही चूक आमची.

छोटीच कुत्री यात जास्त का अडकतात?

लॅब्रॅडॉरनं हॉलमध्ये शू केली तर घरात भूकंप होतो, त्याच दिवशी सगळे कामाला लागतात. पॉमनं केली तर कुणीतरी 'अगं बाई' म्हणून फडकं फिरवतं. तळं छोटं म्हणून दुर्लक्ष मोठं. सहा वर्षं फडकं फिरत राहिलं की कुत्र्याच्या लेखी तो घरचा नियमच झाला.

दुसरं म्हणजे छोट्या कुत्र्याला आपण उचलून नेतो. जिना उचलून, रस्ता उचलून, चिखल उचलून. 'शू आली, दाराकडे जायचं' हा रस्ता त्याच्या पायांनी कधी चाललेलाच नसतो, मग तो तुम्हाला दाराशी जाऊन सांगणार कसा? पावसाळ्यात ओलं गवत त्याच्या पोटाला लागतं, ते त्याला आवडत नाही, आणि आपणही 'जाऊ दे, मोरीत करेल' म्हणून सोडून देतो.

तिसरी गोष्ट वाईट आहे. कुत्रं सहसा झोपायची जागा घाण करत नाही, ही त्याची उपजत सवय. पण विक्रीसाठी पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लाला तिथेच झोपावं लागतं, तिथेच खावं लागतं आणि तिथेच सगळं करावं लागतं. ती उपजत सवय तिथे मोडते. दिसायला महागडं पिल्लू, पण घाणीची शिसारीच गेलेली. अशा कुत्र्याला वेळ जास्त लागतो.

टफीचं गणित वेगळं निघालं. बाबांनी आधीच्या कुटुंबाला फोन करून विचारलं तेव्हा कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरच्या बाल्कनीत त्याची सोय होती. बाल्कनीत फरशी. रोज सकाळी पाणी मारलं की साफ. सहा वर्षं त्याच्या पायाखाली शू करायची जागा म्हणजे गुळगुळीत, थंड, पांढरी फरशी. आमच्या हॉलमध्ये काय आहे? गुळगुळीत, थंड, पांढरी फरशी.

म्हणजे आम्ही ज्याला बेशिस्त म्हणत होतो, तो त्याच्या हिशेबानं नियम पाळत होता. कुत्रं जागा लक्षात ठेवतं त्याहून जास्त पायाखालचा पोत लक्षात ठेवतं. ज्याला वर्तमानपत्रावर सवय लागली ते जमिनीवर पडलेला ताजा पेपर सोडत नाही, ज्याला गवताची सवय ते फरशीवर सहसा करत नाही. तुमच्याकडे कुणी मोठं कुत्रं देत असेल तर लस आणि खाणं विचारल्यावर पुढचा प्रश्न हाच विचारा : आजवर कशावर करत होता? किती वाजता? आणि तेव्हा तुम्ही कोणता शब्द वापरायचात?

आधी शू ओळखा

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घरातली प्रत्येक शू सारखी नसते. चार थेंब, उभ्या वस्तूवर, पाय वर करून, तेही नवीन वास आलेल्या जागी, तर ती खूण आहे, 'हा इलाका माझा'. ही बहुतेक नर करतात. नसबंदीनं बऱ्याच कुत्र्यांमध्ये ती कमी होते, सगळ्यांमध्ये नाही. तुम्ही घरी आलात, वाकून हात पुढे केला आणि कुत्रं अंग चोरून तिथेच ओलं झालं, तर ती भीतीची किंवा नम्रतेची शू. तिच्यावर ओरडाल तर वाढेल. आल्या आल्या त्याच्याकडे बघू नका, पाच मिनिटांनी बाजूला बसून हाक मारा. फक्त घरात कुणी नसताना होत असेल, सोबत दार खरवडणं आणि भुंकणं असेल, तर ती एकटेपणाच्या धास्तीची. आणि गाढ झोपेतून उठल्यावर अंथरूणच ओलं सापडत असेल तर त्याला कळतही नाहीये. उतारवयातल्या, नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये हे दिसतं आणि त्यावर औषध असतं.

दिवसातून दहा वेळा, थोडी थोडी, जोर लावून, लालसर अशी असेल तर वळण लावणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, किडनी यांपैकी काहीही असू शकतं. शित्झू आणि ल्हासा अप्सोमध्ये मूतखडे जास्त दिसतात. आजारी कुत्र्याला शिस्त लावत बसणं म्हणजे तापलेल्या पोराला पाढे म्हणायला लावणं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी गाई-म्हशी-बकऱ्यांची असते, तिथे पॉम घेऊन गेलं की लोक आधी हसतात, मग हात लावून बघतात. पण जावंच लागतं. मोठ्या वयात आलेल्या कुत्र्याचं लसीचं कार्ड नसेल तर त्याला लस झालेलीच नाही असं धरून चालायचं. रेबीजची लस पहिली, पण लेप्टोस्पायरोसिसचीही विचारा. या आजाराचे जंतू कुत्र्याच्या लघवीतून माणसापर्यंत येऊ शकतात. घरात शू होत असताना हा मुद्दा लांबचा राहत नाही. नमुना न्यायचा असेल तर एक जुगाड : सकाळच्या पहिल्या शूच्या वेळी जुना, स्वच्छ धुतलेला डाव हळूच खाली सरकवायचा. बाटली धरायला जागाच नसते, उंचीच तेवढी. नमुना तास-दोन तासांत पोचवा. तो डाव पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, आमच्याकडे त्यावरून वेगळं महाभारत झालं.

इंटरनेटवरचं वेळापत्रक राजुऱ्यात चालत नाही

आता मुख्य अडचण. या विषयावरचे सगळे व्हिडिओ एकच सांगतात : उठल्यावर बाहेर न्या, खाल्ल्यावर न्या, खेळल्यावर न्या, झोपायच्या आधी न्या, सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी न्या. तत्त्व शंभर टक्के बरोबर. फक्त ते व्हिडिओ बनवणाऱ्यानं एप्रिल-मे चंद्रपूर जिल्ह्यात काढलेला नसतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढे जातो. सकाळी नऊनंतर डांबर तापतं. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे तळवे भाजणार, हा साधा हिशेब. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर उष्माघाताचा धोका चालतानाही असतो, कारण धापा टाकून अंग थंड करायचं त्याचं यंत्रच अपुरं आहे. म्हणजे साधारण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बाहेरचा रस्ता बंद.

ठीक आहे, मग पहाटे आणि रात्री न्या. इथे येतो बिबट.

राजुरा मध्य चांदा वनविभागात मोडतो. २०२० मध्ये आरटी-१ या वाघानं राजुरा भागात माणसं मारली आणि लांबलेल्या मोहिमेनंतर ऑक्टोबरमध्ये तो जेरबंद झाला, हे गावात सगळ्यांना आठवतं. पण वाघ सहसा जंगल धरून राहतो, बिबट वस्तीला चिकटून राहतो, आणि वस्तीत तो मुख्यतः ज्यासाठी येतो त्यात कुत्रं वरच्या नंबरला आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव आणि वस्तीतल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. अकोल्यात ऊस आहे, आमच्याकडे जंगल आणि खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरचं झुडूप आहे. पण सात किलोचं पांढरं कुत्रं अंधारात कसं दिसत असेल याचा अंदाज लावायला अभ्यास लागत नाही. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर परिसरात २०२२ मध्ये बिबट्यानं मुलांवर हल्ले केले, तेव्हापासून आमच्या भागात संध्याकाळी अंगणात मूल असो वा कुत्रं, मोठं माणूस शेजारी उभं राहतं.

थोडक्यात, उन्हापासून वाचवायला ज्या वेळा निवडायच्या त्याच वेळा बिबट्याच्या. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा प्रश्न येत नाही (बोरिवली-ठाण्याकडे जंगलाला लागून राहणारे हसतील, त्यांना माहीत आहे).

मग आम्ही काय केलं? दोन जागा केल्या. पहिली बाहेरची : घरामागच्या मोकळ्या जागेतला कडुनिंबाखालचा एक ठरावीक तुकडा. सकाळी साडेसहाला, पूर्ण उजाडल्यावर, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत, चपलेनं जमीन चाचपून. दुसरी आतली : भिंतीच्या आतल्या अंगणात, सावलीत, उथळ प्लास्टिकचा ट्रे, त्यात त्याच कडुनिंबाखालची माती. मुद्दाम तीच. म्हणजे पोत एक, वास एक, जागा दोन. दुपारची आणि रात्री साडेदहाची फेरी या ट्रेवर. रात्री बाहेरचा दिवा लावून, पट्टा हातात धरून, आपण शेजारी उभं राहून. भिंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बिबट्याला सहा फुटांची भिंत काहीच नाही. टॉर्च पायाशीही मारा, रात्री घोणस आणि मण्यार यांचीही वर्दळ असते. रात्रभर बाहेर बांधणं हा पर्यायच नाही. 'घर घाण करतो म्हणून बाहेर बांधतो' असं म्हणणारे आमच्याकडे आहेत. अशी किती कुत्री सकाळी साखळीला नसतात ते त्यांनाच विचारा.

प्रत्यक्षात काय करावं लागतं

मोठ्या कुत्र्याचा एक फायदा कुणी सांगत नाही. पिल्लाचं मूत्राशय लहान, ताबा कच्चा, त्याला जमतच नसतं. सहा वर्षांच्या निरोगी कुत्र्याला रात्रभर धरता येतं, दिवसा चार-पाच तास सहज. त्याला नवीन ताबा शिकायचा नसतो, नवीन जागा शिकायची असते. 'म्हातारं कुत्रं शिकत नाही' ही म्हण माणसांसाठीच ठीक.

पहिल्या दोन आठवड्यांत घरभर मोकळीक बंद. एकतर तो कुणाच्या तरी नजरेसमोर, किंवा त्याच्या छोट्या जागेत. आमच्याकडे पट्टा आईच्या कमरेला बांधला होता. ती स्वयंपाक करतेय आणि मागे पांढरी शेपटी, असं आठवडाभर चाललं. यात खरी गोष्ट अशी की त्याची आधीची हालचाल दिसायला लागते. वास घेत गोल फिरणं, मध्येच खेळ सोडून जाणं, दुसऱ्या खोलीकडे बघणं. ते दिसलं की चला.

चला म्हणजे चालत. उचलून नाही. दार, पायरी, अंगण, ट्रे हा रस्ता त्याच्या पायांनी पाठ व्हायला हवा. तिथे पोचलं की उभं राहायचं, फोन खिशात, खेळ नाही. एकच शब्द हळू म्हणायचा. आमचा शब्द 'शू कर', तुमचा काहीही असू द्या, पण घरातल्या सगळ्यांचा एकच. संपल्या संपल्या, त्याच जागी, दोन सेकंदांत बक्षीस : उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा कण. घरात येऊन दिलंत तर तो समजतो की आत येण्याचं बक्षीस मिळालं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा यातलं काही देऊ नका, कुत्र्यांसाठी ते विष आहे. आणि झाली म्हणून लगेच ओढत घरात आणू नका, दोन मिनिटं हुंगू द्या. नाहीतर तो शिकतो की शू केली की मजा संपते, मग तो धरून ठेवतो आणि आत येऊन करतो.

खाणं दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी, अर्ध्या तासात भांडं उचलायचं. खाण्याची वेळ बांधली की बाहेर पडण्याची वेळ आपोआप बांधली जाते. पाणी मात्र कधीच तोडायचं नाही. 'रात्री पाणी देऊ नका' हा सल्ला आमच्या उन्हाळ्यात जिवावर बेतेल.

आत झालीच तर? समोर सापडला तर टाळी वाजवून थांबवा आणि चालवत बाहेर न्या. नंतर सापडलं तर फडकं घ्या, बस. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, ओरडणं यातून तो एवढंच शिकतो की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग तो तुमच्यासमोर बाहेरही करत नाही आणि पलंगामागे जाऊन करतो. 'पण त्याला कळतं हो, बघा कसा चोरासारखा बघतोय' असं बाबा म्हणाले होते. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधकीनं २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. कुत्र्याचा तो अपराधी चेहरा गुन्ह्यानं येत नाही, मालकाच्या रागावण्यानं येतो. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांचाही रागावल्यावर तसाच चेहरा झाला.

आणि फिनेल. आपल्याकडे प्रत्येक घाणीवर फिनेल हा उपाय. त्यानं आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, कुत्र्याच्या नाकाला खालचा वास येतच राहतो, शिवाय तळव्यांना आणि पोटाला ते अपायकारक. आधी कोरड्या फडक्यानं टिपा, मग एन्झाइम असलेल्या कपड्याच्या पावडरीच्या पाण्यानं धुवा (पाकिटावर लिहिलेलं असतं), पुसून वाळू द्या. अमोनियावाले क्लीनर टाळा, त्याचा वास त्याला शूसारखाच लागतो. ब्लीच आणि टॉयलेटचं ॲसिड एकत्र करायचं धाडस तर कुणीच करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

देवघराचा प्रश्न नाजूक होता. आजीचं सोवळं कुत्र्याला समजावता येत नाही आणि कुत्र्याची बाजू आजीला. दारात दीड फुटाची फळी आडवी लावली. टफीला ती ओलांडता येत नाही, आजीला येते, दोघंही गप्प.

किती दिवस लागतात?

दत्तक देणारी मंडळी एक ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे घराचं वेळापत्रक कळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण लोक कुत्रं परत द्यायचा निर्णय घेतात तो नेमका पहिल्या तीन दिवसांत आणि तीन आठवड्यांच्या मध्ये. हे आधी माहीत असलं तर बरं.

आम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करत गेलो. पहिल्या आठवड्यात अकरा. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यात सहा, कारण पाहुणे आले, घर भरलं आणि वेळा चुकल्या. चौथ्यात एक. शेवटची २ मे ला, वीज गेली होती, वादळ होतं आणि दिव्याशिवाय अंगणात न्यायची कुणाची हिंमत झाली नाही. ती चूक टफीच्या खात्यात लिहिली नाही.

पुढे पावसाळा आहे. ट्रे पत्र्याखाली सरकवलाय, माती ओली होऊन चिखल झाली की बदलायची. जुलै २०२२ सारखा वर्धेला पूर आला तर बल्लारपूरचा रस्ता बंद होतो, म्हणून लस आणि तपासणी जूनच्या आत उरकली. दिवाळीच्या फटाक्यांत पुन्हा एखादी खूण पडेल हे धरून चाललोय.

सगळ्यांचं असं जमेलच असं नाही. चौदा वर्षांचं, ताबा गेलेलं कुत्रं असेल तर डायपर किंवा पोटाला बांधायचा पट्टा आणि धुता येणारं अंथरूण, एवढंच हातात असतं. आणि खरंच नाही जमलं, तर दुसऱ्या घरी देताना 'एकदम शांत आहे' एवढंच सांगू नका. कशावर करतो, कधी करतो, कोणत्या शब्दाला करतो हे कागदावर लिहून द्या. आम्हाला तो कागद मिळाला असता तर पहिल्या आठवड्यातल्या अकरापैकी निम्म्या खुणा वाचल्या असत्या.

परवा कॉलनीतून पुन्हा फोन आला. आणखी एका घराची बदली, आठ वर्षांचा पग आहे, घेता का, एकदम शांत आहे. फोन बाबांनी घेतला होता. आजी आतून ओरडली, "पहिले विचार, कशावर मुतते म्हणून!"